डावी घडी वर

मला सगळे संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. सव्वीस वर्षं मी रुग्णालयाच्या तळघरात बसून ऑपरेशनची हत्यारं मोजते, मांडते आणि बांधते. ज्याला संशय येत नाही त्याने या कामात पडूच नये, बागेत जाऊन फुलं वेचावीत. वर माणसाचं पोट उघडलेलं असताना चिमटा कमी निघाला तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? सव्वीस वर्षांत माझा एकही सेट चुकला म्हणून वरून परत आलेला नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, असं म्हणणार होते. पण फुशारकीनेच सांगते, खोटं कशाला बोलू.

आमचं काम सरळ आहे. वापरलेली हत्यारं लिफ्टने खाली येतात. धुण्याच्या खोलीत गप्पी ती घासते. हाताबरोबर तिचं तोंडही चालूच असतं, म्हणून गप्पी. धुतलेली हत्यारं माझ्या टेबलावर येतात. यादी बघून ती ट्रेमध्ये मांडायची, ट्रे दुहेरी कापडात बांधायचा, वर पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर सही करायची. मग ते गाठोडं, म्हणजे एक सेट, कपाटात वाट बघत राहतं. शिडी, म्हणजे आमचा साडेसहा फुटी भट्टीवाला, दोन वाजता सगळी गाठोडी वाफेच्या भट्टीत चढवतो आणि तिथून ती वर थिएटरात जातात. एकदा सही झाली की गाठोडं दुसऱ्या कोणी उघडायचं नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात जुना नियम.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग टीमबाई आली.

नाव घेण्यासारखं तिने काही केलं नाही, म्हणून मी तिला टीमबाईच म्हणते. आमची नवी अधिकारी. वय माझ्या मुलीएवढं, आणि दर तिसऱ्या वाक्यात टीम. आल्या आल्या तिने भिंतीवर विश्वासाची वाक्यं लिहिलेले कागद चिकटवले आणि आमचे चार-चार जणांचे गट पाडले. आमच्या गटात मी प्रमुख, गप्पी, शिडी आणि चौथी एक नवीन बाई, सहा महिन्यांच्या कंत्राटावरची. ती दिवसाला मोजून दहा शब्द बोलायची. तिला मी मुकी म्हणायला लागले आणि दुपारपर्यंत सगळेच म्हणायला लागले.

टीमबाईचा नियम असा, की यापुढे चूक एकाची नाही, गटाची. तीन महिन्यांत तीन सेट परत आले की गट मोडायचा. प्रमुखाला टेबलावरून काढून मागच्या खोलीत कापडांच्या घड्या घालायला बसवायचं, आणि गटात कंत्राटी माणूस असेल तर त्याचं कंत्राट पुढे चालवायचं नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मला त्या टेबलावरून उठून थेट घरी जायचं होतं. मागच्या खोलीतून नाही. माझी एवढीच इच्छा होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

मुकीला माझ्यासमोरच्या टेबलावर बसवलं. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, ही कात्री..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. चार दिवस झाले नाहीत तोवर ही मला कात्र्या दाखवणार! आधी स्वतःचे डोळे तपासून ये, म्हटलं, मग माझ्या टेबलाशी ये. ती परत गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामाचं कधीच बोलली नाही. मात्र तिच्या एप्रनच्या खिशात एक छोटी वही दिसायला लागली. माझी पाठ वळली की ती काहीतरी लिहायची.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. टीमबाईने स्वतःचं माणूस आमच्यात पेरलंय, हे कळायला पंचांग उघडावं लागत नाही.

आणि एकदा शंका आली की सगळंच दिसायला लागतं. त्याच महिन्यात याद्यांचं अक्षर बारीक झालं. कागद वाचवायचा असेल टीमबाईला. माझ्या टेबलावरची ट्यूब कोणीतरी बदलली आणि पहिल्यापेक्षा मिणमिणती लावली. मी तीनदा तक्रार केली. वीजवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, "बाई, ही तर जास्त उजेडाची आहे." तोही त्यांच्यातलाच.

घरी नवऱ्याला सांगितलं. हा माणूस सदतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत आलाय. हल्ली माझ्या सुईत दोराही तोच ओवून देतो, मी न सांगता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, कागद अंधूक, ट्यूब अंधूक, माणसं अंधूक. एक तू तेवढी स्वच्छ. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन ये एकदा." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. घरचं माणूस असं म्हणायला लागलं की बाहेरच्यांना काय बोल लावायचा.

एका दुपारी शिडी सुट्टीवर होता, म्हणून गाठोडी मीच भट्टीच्या जाळीवर चढवत होते. माझं एक गाठोडं हातात घेतलं आणि बोटं थांबली.

मी डावखुरी आहे. कापडाची उजवी बाजू आधी आत जाते, डावी तिच्यावर येते. सव्वीस वर्षं माझी डावी घडी वर. बाकी सगळ्यांची उजवी. हे कोणाला सांगायची कधी गरज पडली नव्हती. आपण कोणत्या अंगावर झोपतो ते कोण सांगत बसतं? माझ्या हातातल्या गाठोड्यावर सही माझी होती, पट्टी माझी होती आणि उजवी घडी वर होती. म्हणजे कोणीतरी पट्टी अलगद सोडवून, गाठोडं उघडून, पुन्हा बांधून, तीच पट्टी परत चिकटवली होती. मी माझी बाकीची गाठोडी चाचपली. आणखी दोन तशीच.

कोणीतरी माझ्या सेटमधून हत्यारं काढत होतं. वर तीन सेट कमी भरले की मी मागच्या खोलीत, आणि हे टेबल कोणाला? समोर बसलेल्या मुकीला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच.

त्या तिन्ही गाठोड्यांतली हत्यारं मी पुन्हा मोजली. बरोबर भरली. मला त्यातही काळंबेरंच दिसलं. आज नुसता सराव म्हणून उघडली असतील, काढतील उद्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर तोफ डागली. माझी घडी डावीकडून असते, म्हटलं. माझ्या गाठोड्याला कोण हात लावतं ते मला बोटांनी कळतं, डोळे मिटूनसुद्धा. गप्पीचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. शिडी कपात बघत राहिला. मुकीने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, बस.

त्या दिवसापासून एकही उजवी घडी सापडली नाही. माझं मलाच कळलं, की चोराला किल्ली मीच नेऊन दिली होती. मग मी टीमबाईला लेखी तक्रार दिली: माझी सही झाल्यावर माझी गाठोडी उघडली जातात आणि माझा संशय नव्या कंत्राटी बाईवर आहे. टीमबाईने कागद वाचला आणि म्हणाली, गटात आधी विश्वास हवा. मी म्हटलं, आधी पुरावा हवा ना? तो मी देते.

पुरावा मिळवायचा एकच मार्ग मला सुचला. तो सांगताना आजही माझी मान खाली जाते.

चौदा नंबरच्या सेटमध्ये एकवीस हत्यारं असतात. त्यांत सहा लहान वाकडे चिमटे. मी पाच ठेवले. सहावा माझ्या एप्रनच्या खिशात टाकला, सेट बांधला, डावी घडी वर घेतली, सही केली आणि तो कपाटात ठेवला. दोन वाजता भट्टी लागायच्या आधी तो मी सगळ्यांसमोर उघडणार होते. आत सहा चिमटे निघाले, की कोणीतरी उघडला हे सिद्ध. चारच निघाले तरी सिद्ध. सेट वर जाणार नव्हता, जायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

पावणेबाराला वरून निरोप आला: सगळ्या गटप्रमुखांनी लगेच सभागृहात यायचं, प्रशिक्षण आहे. मी कपाटाकडे पाहिलं. सेट काढून घ्यावा तर सापळा उघडा पडणार. दोनला अजून खूप वेळ होता. मी गेले.

प्रशिक्षणाचा विषय होता, प्रभावी गट कसा घडवावा. एका पाहुण्याने आम्हाला जोड्या लावायला सांगितल्या. एकाने डोळे मिटून मागच्या मागे अंग सोडून द्यायचं आणि दुसऱ्याने झेलायचं. यातून म्हणे विश्वास तयार होतो. स्वयंपाकघराचा प्रमुख सव्वाशे किलोचा. त्याने अंग सोडलं, तसा त्याचा जोडीदार बाजूला झाला. माझ्या मते त्या दिवशी त्या खोलीतला तोच एक शहाणा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला पाठीचा त्रास आहे. माझ्या पाठीला काही झालेलं नव्हतं. मागे कोण उभं आहे हे बघितल्याशिवाय मी पडणाऱ्यातली नाही, एवढंच.

दोनला दहा कमी असताना खाली आले. कपाट रिकामं होतं.

रस्त्यावर मोठा अपघात झाला होता. वरून घाई आली म्हणून शिडीने बारालाच भट्टी लावली होती आणि सगळे सेट एव्हाना लिफ्टने वर गेले होते. चौदा नंबरही. शिडीने हे सांगितलं आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. खिशातला चिमटा मी इतका घट्ट धरला की त्याची टोकं तळहातात रुतली. वर कोणीतरी टेबलावर पडलेलं असणार, आणि त्याच्यासाठी मोजलेल्या हत्यारांतलं एक मी माझ्या संशयापायी खिशात घालून प्रशिक्षणाला बसले होते.

दोन मजले मी कसे चढले मला आठवत नाही. थिएटरच्या दाराशी सिस्टर भेटली. चौदा नंबर उघडू नका, मी सांगितलं, त्यात एक लहान चिमटा कमी आहे. ती आत गेली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ती परत आली तेव्हा तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"सेट केव्हाच उघडला. दोघींनी मोजलाय. एकवीसच्या एकवीस आहेत," ती म्हणाली. "कमी आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिने माझ्या देखतच चिठ्ठी लिहायला घेतली.

जिना उतरताना आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि तीन पायऱ्यांनंतर राग आला. म्हणजे उघडला होता तर! पुरावा मिळाला होता. खाली येऊन मी तिघांना समोर उभं केलं आणि विचारलं, चौदा नंबर कोणी उघडला? गप्पी रडायला लागली. शिडी म्हणाला, ताई, जाऊ द्या ना. मुकीने एप्रनच्या खिशावर हात ठेवला, बस.

तासाभरात टीमबाईने आम्हा चौघांना तिच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते, माझी तक्रार आणि सिस्टरची चिठ्ठी. सही झालेलं गाठोडं उघडणं म्हणजे कंत्राट त्याच दिवशी संपणार, हे तिने आधीच सांगून टाकलं. मग विचारलं, कोणी उघडलं? मुकीने खिशातून वही काढली आणि टेबलावर ठेवली.

टीमबाई मोठ्याने वाचायला लागली. तारीख, सेटचा नंबर, काय कमी, काय चुकीचं. सात नंबर, सरळ चिमट्याच्या जागी वाकडा. अकरा नंबर, सुई धरायचा चिमटा नाही. तीन नंबर, कात्री लहान हवी, मोठी आहे. मधेच एक ओळ आली: 'ताईंची डावी घडी वर, लक्षात ठेवणे.' असे एकोणीस सेट. सगळे माझे.

मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, रचलंय. सगळं बसून रचलंय. एकोणीस ओळी काय, कोणीही लिहील. टीमबाईने विचारलं, "ताई, हे खरं आहे का?" आणि त्या क्षणी मला लख्ख कळलं, की मी नाही म्हटलं की संपलं. सव्वीस वर्षांच्या शब्दापुढे चार महिन्यांपूर्वी आलेल्या कंत्राटी बाईच्या वहीला कोण विचारतं? टेबल माझं राहणार होतं. पुढची दोन वर्षं, आणि मग थेट घरी. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टीमबाईने पान उलटलं आणि आजच्या तारखेची शेवटची नोंद वाचली.

"चौदा नंबर. लहान वाकडा चिमटा एक कमी. सरळ कात्री नाही, तिच्या जागी दुसरी वाकडीच."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

चिमट्याचं खरं होतं. तो माझ्या खिशात होता, आणि ते माझ्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हतं. जी वही त्याबद्दल खरं बोलत होती, ती कात्रीबद्दल खोटं कशाला बोलेल? सकाळी मी ती कात्री स्वतःच्या हाताने उचलली होती. सरळ म्हणून उचलली होती. तिच्याबद्दल मला, सगळ्या जगाचा संशय घेणाऱ्या मला, जरासुद्धा संशय आला नव्हता.

मी खिशातून चिमटा काढून टेबलावर ठेवला. "एक चूक मी मुद्दाम केली," मी म्हटलं. "हिला पकडायला. दुसरी माझीच आहे. ती मला दिसलीच नाही."

मग मीच पुढे बोलले. वीजवाल्याचं, यादीच्या अक्षराचं, सुईतल्या दोऱ्याचं. मला गेल्या कित्येक महिन्यांपासून नीट दिसत नाही हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेही चार माणसांसमोर, आणि त्यातल्या तिघांना ते माझ्या आधीपासून माहीत होतं. लाज वाटली. इतकी, की वरच्या मजल्यापर्यंत पळताना जेवढी भीती वाटली होती तीसुद्धा तिच्यापुढे कमीच.

बाहेर आल्यावर मी मुकीला गाठलं. आता तरी बोल, म्हटलं. मला सांगितलं का नाहीस?

"सांगायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचे डोळे तपासून ये."

"मग इतके दिवस झाकलंस कशाला?"

"तुमच्यासाठी नाही, ताई. तीन सेट परत आले असते तर पहिली मी गेले असते. घरात कमावणारी मी एकटी आहे." वळता वळता ती म्हणाली, "नंतर नंतर तुमच्यासाठी."

हे तिने मला खरं सांगितलं म्हणून मी तिला मानलं. गोड बोलली असती तर मला पुन्हा संशय आला असता.

आता मी मागच्या खोलीत बसते. मुद्दाम कमी भरलेला सेट बांधला त्याची शिक्षा म्हणून, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला म्हणूनही. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. डॉक्टरने सेट उघडला तेव्हा मला भूल नव्हती, नुसते थेंब. आतली सिस्टर मोठ्याने हत्यारं मोजत होती आणि मी तिच्याबरोबर मनात मोजत होते. बरोबर भरली. मुकीला ताकीद मिळाली, पण कंत्राट चालू राहिलं. टीमबाईने भिंतीवरचे ते विश्वासाचे कागद काढून टाकले आणि एकच नवा नियम लावला: एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने मोजायचं, आणि सही दोघांची. हे तिने पहिल्याच दिवशी केलं असतं तर, असं मी म्हणणार होते. पण पहिल्या दिवशी मी कोणाला माझ्याशेजारी उभं राहू दिलं असतं का?

परवा शिडी आला नव्हता, म्हणून गाठोडी चढवायला मला बोलावलं. जाळीवर ठेवता ठेवता बोटं पुन्हा थांबली. डावी घडी वर. त्या टेबलावर आता मुकी बसते, सही तिची होती, आणि ती डावखुरी नाही.

मी तिला हाक मारली आणि विचारलं, आता कोणाला फसवतेस?

"कोणाला नाही," ती म्हणाली. "आता हाताला दुसरी घडी येतच नाही."

मी ते गाठोडं पुन्हा एकदा चाचपलं. कडा सरळ होत्या, कापड कुठे ढिलं नव्हतं. मी ते न उघडता भट्टीत चढवलं.